चित्रकथांतील अतिमानव आणि सैनिकी चाकरी : वसईच्या वेढ्याच्या आधारे एक तुलनात्मक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

छापील चित्रकथा हे विसाव्या शतकात अतिशय मोठ्या प्रमाणावर वाचले गेलेले, परंतु इतिहासाच्या अभ्यासात फारच थोडे विचारात घेतले गेलेले वाङ्मय होय. बालवाचनाचा एक प्रकार एवढीच त्याची गणना सामान्यतः होत आली. तथापि युद्ध, पराक्रम आणि सैनिकाचे कर्तव्य यांसंबंधी एखाद्या पिढीच्या मनात जी चित्रे उमटतात, ती सरकारी कागदांतून किंवा विद्वानांच्या ग्रंथांतून क्वचितच आलेली असतात. ती पोवाडे, बखरी, नाटके, शालेय पुस्तके आणि अलीकडच्या काळात चित्रकथा यांतून येतात. म्हणून या वाङ्मयात सैनिकी चाकरीला कोणते स्थान दिले गेले आहे, हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेबाहेरचा मानता येणार नाही.

येथे ‘चाकरी’ हा शब्द मुद्दाम योजिला आहे. पराक्रम हा क्षणाचा असतो. चाकरी ही महिन्यांची आणि वर्षांची असते. हजेरी, रोजमुरा, कूच, मुक्काम, मोर्चे बांधणे, दाणावैरण, दुखणी, जखमा आणि मृत्यू या सर्वांचा समावेश चाकरीत होतो. वीरकथेला पराक्रम हवा असतो; राज्याला चाकरी हवी असते. या दोन गरजांमधील अंतर चित्रकथांनी कसे भरून काढले, हे प्रथम पाहावयाचे आहे. नंतर, जेथे वीरकथा आणि अस्सल कागद ही दोन्ही साधने उपलब्ध आहेत अशा एका मोहिमेच्या, म्हणजे १७३७ ते १७३९ मधील वसईच्या मोहिमेच्या, आधारे त्या अंतराचे मोजमाप करावयाचे आहे.

२. अमेरिकन चित्रकथांतील तीन तऱ्हा

अतिमानुष वीराची छापील चित्रकथा अमेरिकेत १९३८ मध्ये रुजली. त्या वर्षीच्या जून महिन्याच्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ या मासिकाच्या पहिल्या अंकात जेरी सीगल व जो शुस्टर यांचा सुपरमॅन अवतरला. तीन वर्षांनी अमेरिका महायुद्धात उतरली, तेव्हा लेखकांपुढे एक विलक्षण अडचण उभी राहिली. पोलादाचा देह असलेला आणि आकाशातून उडणारा पुरुष जर सैन्यात भरती झाला, तर युद्ध एका दिवसात संपावयास हवे. आणि प्रत्यक्षात तर ते संपत नव्हते. १९४२ च्या फेब्रुवारीत वृत्तपत्रांतील चित्रमालिकेत या अडचणीतून एक वाट काढण्यात आली. भरतीच्या वेळी डोळ्यांची तपासणी देताना सुपरमॅनची दृष्टी भिंतीच्या आरपार गेली, त्याने शेजारच्या खोलीतील तक्ता वाचला आणि तो नापास झाला. प्रसंग विनोदी आहे. पण त्यातील कबुली गंभीर आहे. अतिमानवाला चाकरीत सामावून घेता येत नाही, हीच ती कबुली.

दुसरी तऱ्हा याच्या उलट होती. जो सायमन व जॅक कर्बी यांच्या ‘कॅप्टन अमेरिका’चा पहिला अंक मार्च १९४१ या तारखेचा असला, तरी तो १९४० च्या डिसेंबरातच विक्रीस आला होता, म्हणजे पर्ल हार्बरवरील हल्ल्यापूर्वी जवळजवळ एक वर्ष. त्याच्या मुखपृष्ठावर नायक हिटलरला ठोसा लगावताना दाखविला आहे. या कथेचा नायक स्टीव्ह रॉजर्स हा मुळात अशक्त तरुण. प्रकृतीच्या कारणावरून सैन्याने त्याला नाकारलेले. सरकारी प्रयोगशाळेतील एका औषधाने तो बलाढ्य होतो. येथे राज्यच वीर निर्माण करते. परंतु निर्माण झाल्यावर तो चाकरी करतो कोठे? छावणीत तो साधा शिपाई म्हणून राहतो खरा; पण ते केवळ सोंग असते. सार्जंटची बोलणी खाणारा बावळट रॉजर्स हा हास्याचा विषय, आणि मुखवटा चढविल्यानंतरचा वीर हा गौरवाचा विषय. सैनिकाचा गणवेश येथे खऱ्या वीराला लपविण्याचे वस्त्र बनला आहे. १९४१ च्या अखेरीस अवतरलेली वंडर वूमन हीदेखील डायाना प्रिन्स या नावाने लष्करी खात्यात परिचारिका व पुढे कारकून म्हणून काम करते. तिचेही काम म्हणजे एक आडोसाच होय.

तिसरी तऱ्हा कमी गाजली. परंतु इतिहासाच्या दृष्टीने ती अधिक मोलाची आहे. विल आइस्नर हा चित्रकार १९४२ मध्ये सैन्यात गेला. तेथे त्याने लष्करी वाहनांची निगा कशी राखावी, हे शिकविणाऱ्या चित्रकथा काढल्या. त्यांतील जो डोप हे पात्र वीर नाही. ते निष्काळजी शिपायाचे पात्र आहे, आणि त्याच्या चुकांतून वाचकाने धडा घ्यावयाचा आहे. हेच काम १९५१ पासून ‘पी. एस.’ या लष्करी मासिकात पुढे चालू राहिले. त्याच सुमारास हार्वी कर्ट्झमन याने ‘टू-फिस्टेड टेल्स’ व ‘फ्रंटलाइन कॉम्बॅट’ या मासिकांतून कोरियन युद्धाच्या ज्या कथा दिल्या, त्यांत थकलेला, भ्यालेला आणि मरणारा सामान्य शिपाई केंद्रस्थानी आला. हे घडण्याचे कारणही उघड आहे. चित्रकथा काढणारी माणसे स्वतः या काळात चाकरी करून आली होती. जॅक कर्बी १९४३ मध्ये भरती झाला, १९४४ च्या ऑगस्टमध्ये पायदळाचा शिपाई म्हणून नॉर्मंडीत उतरला आणि त्या हिवाळ्यात थंडीने त्याचे पाय कापण्याची वेळ आली होती. ज्याने हिटलरला ठोसा लगावणारा वीर रेखाटला, त्याच्या वाट्याला आलेले युद्ध हे असे होते.

३. महाराष्ट्रातील पूर्वपीठिका

महाराष्ट्रात चित्रकथा आली ती एका जुन्या वीरकथेच्या परंपरेवर. अफझलखानाच्या वधावरील अज्ञानदासाचा (अग्निदासाचा) आणि सिंहगडावरील तुळशीदासाचा, हे शिवकालीन पोवाडे सर्वपरिचित आहेत. १६७० मधील सिंहगडाच्या प्रसंगाचे उदाहरण येथे बोधप्रद ठरेल. कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत कड्यावर वानराप्रमाणे चढून जाणाऱ्या निवडक मावळ्यांचे वर्णन केले आहे. पोवाड्यात त्यांची जागा यशवंती नावाच्या घोरपडीने घेतली. म्हणजे जे काम दोन अनामिक शिपायांनी जिवावर उदार होऊन केले, ते लोककथेने एका अद्भुत प्राण्याच्या नावावर जमा केले. अद्भुताचा प्रवेश बहुधा नेमका याच ठिकाणी होतो, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. नायकाचे नाव शाबूत राहते. नाहीसा होतो तो अनामिक चाकर.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई हे भारतीय चित्रकथांचे प्रमुख केंद्र झाले. १९६४ च्या मार्चमध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशन संस्थेने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही मालिका सुरू केली. ती १९९० पर्यंत चालली. तिचा आरंभीचा नायक म्हणजे ली फॉक याने १९३६ मध्ये निर्मिलेला फँटम. भारतीय भाषांतील अनुवादांत तो वेताळ या नावाने आला. हा केवळ शब्दाचा बदल नव्हता. कोकणात व गोमंतकात वेताळ हा गावाची राखण करणारा देव आहे. तो रात्री गावाभोवती फेरी घालतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, या श्रद्धेने त्याला चामड्याच्या वहाणा वाहतात. अशा प्रदेशातील वाचकाला ‘चालते भूत’ ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नव्हते. या वेताळाच्या हाताखाली जंगलाचे एक गस्ती पथक आहे. पण त्या पथकातील शिपायांना आपला सेनापती कोण, हेच ठाऊक नसते. सेनापती अमर आणि अज्ञात, शिपाई बदलते आणि बिनचेहऱ्याचे, अशी ही व्यवस्था आहे. १९७६ मध्ये त्याच मालिकेत आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ आला. तो दरोडेखोराचा मुलगा असून नागरिकांचे सुरक्षा दल उभारतो. अतिमानवापासून संघटित चाकरीकडे टाकलेले ते एक पाऊल होते.

१९६७ मध्ये अनंत पै यांच्या संपादकत्वाखाली इंडिया बुक हाउसने ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. पुराणांतील देवांबरोबरच ऐतिहासिक पुरुषही या मालिकेत आले, आणि शिवाजी महाराजांसारखे मराठ्यांच्या इतिहासातील पुरुष बालवाचकांना प्रथम भेटले ते पुष्कळदा याच पुस्तकांतून. देव आणि सेनापती एकाच आकाराच्या पुस्तकात, एकाच रेखाटनशैलीत आल्यामुळे दोघांमधील सीमारेषा बालमनात पुसट होणे स्वाभाविक होते. २०१५ मध्ये याच प्रकाशनाने परमवीरचक्राच्या २१ मानकऱ्यांवर ग्रंथ काढला. त्यांपैकी कारवारकडील राम राघोबा राणे हे मुंबई सॅपर्स या इंजिनियर तुकडीतील अधिकारी होत. १९४८ च्या एप्रिलमध्ये नौशेराहून राजौरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील सुरुंग व अडथळे काढून रणगाड्यांना वाट करून देणे, हे त्यांचे काम होते. त्यांचा पराक्रम हा चाकरीचाच पराक्रम आहे. तो तलवारीच्या एका घावात सामावत नाही, आणि म्हणूनच चित्रात पकडावयास अवघड आहे.

४. वसई : कथा

हे सर्व ध्यानी घेऊन आता वसईकडे वळावे. १७३९ मधील वसईच्या वेढ्याची जी गोष्ट घरोघरी सांगितली जाते, तिचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. किल्ला काही केल्या हाती येईना, तेव्हा चिमाजी अप्पांनी सरदारांना जमवून सांगितले की, तुम्हांला किल्ला घेता येत नसेल, तर माझे मस्तक तोफेच्या तोंडी देऊन किल्ल्यात उडवा, म्हणजे मेल्यानंतर तरी माझा प्रवेश तेथे होईल. हे ऐकून सैन्यात वीरश्री संचारली आणि वसई पडली. या कथेला जोड मिळाली ती नवसाची. किल्ला हाती आल्यास वज्रेश्वरीचे मंदिर बांधीन, असा नवस अप्पांनी केला व विजयानंतर शंकराजी केशवाकरवी तो फेडला, अशी परंपरा आहे. विजयाची चिन्हे म्हणून पोर्तुगीज घंटा देवालयांत गेल्या; भीमाशंकर, मेणवली व नाशिकचे नारोशंकराचे देऊळ येथील घंटा आजही दाखविल्या जातात.

चित्रकथेच्या दृष्टीने या कथेत काहीही उणे नाही. एक नायक, एक अभेद्य कोट, निराशेचा क्षण, एक उद्गार, देवतेचे वरदान आणि विजय. आठ-दहा चौकटींत ती सहज बसते. परंतु या कथेतून किल्ला का पडला, याचे उत्तर मात्र मिळत नाही. शब्दाने तट कोसळत नाही.

५. वसई : कागद

सुदैवाने या मोहिमेची साधने विपुल आहेत. पेशवे दप्तरातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली ४५ खंडांत प्रसिद्ध झाले आहेत. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. अंजूरकर नाइकांच्या घराण्याशी निगडित साष्टीची बखर आहे. पोर्तुगीज बाजूची साधने पांडुरंग पिसुर्लेकर यांनी गोव्याच्या दप्तरखान्यातून उजेडात आणली. य. न. केळकर यांचा ‘वसईची मोहीम’ हा ग्रंथ या विषयावर मराठीत पायाभूत मानला जातो.

या साधनांवरून जे चित्र उभे राहते, ते एका क्षणाचे नसून दोन वर्षांचे आहे. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांना वसई मिळाली आणि पुढे ती त्यांच्या ‘उत्तर प्रांता’ची राजधानी बनली. १७३७ च्या मार्चअखेर मराठ्यांनी ठाण्याचा अपुरा राहिलेला किल्ला घेऊन साष्टीत प्रवेश केला. अंजूरच्या गंगाजी नाईक व त्यांच्या बंधूंनी पुरविलेली स्थानिक माहिती आणि मदत यांचा या प्रवेशात मोठा वाटा होता. त्याच सुमारास विरारच्या पश्चिमेस असलेले अर्नाळ्याचे बेट हाती आले. तेथे बाजीरावाने नवा जलदुर्ग उभारविला. त्याच्या दरवाजावरील लेखात बाजीरावाबरोबर, ज्याला आज्ञा झाली त्या शंकराजीचाही निर्देश आहे. दगडावरील हा लेख आज्ञा देणारा व ती पार पाडणारा अशा दोघांची नोंद ठेवतो, ही गोष्ट उपेक्षणीय नाही.

१७३७ मध्ये वसईवर झालेला पहिला प्रयत्न फसला. मधल्या काळात बाजीराव भोपाळकडे निजामाशी गुंतला होता. १७३८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी ठाणे परत घेण्याचा यत्न केला, त्यात त्यांचा सेनापती पेद्रो द मेलो मारला गेला. १७३९ च्या जानेवारीत माहीम व तारापूर ही ठाणी पडली. तारापूरच्या एल्गारात बाजी भिवराव रेठरेकर हा नामांकित सरदार गोळी लागून ठार झाला. त्यापाठोपाठ वेसावे व धारावी हस्तगत झाली. हा क्रम लक्षपूर्वक पाहिला पाहिजे. वसईच्या उत्तरेची व दक्षिणेची ठाणी एकामागून एक घेऊन, खाडीच्या तोंडावर दाब ठेवून, मानाजी आंग्रे यांच्या आरमाराचे साहाय्य मिळवून वसई प्रथम एकाकी पाडण्यात आली. प्रत्यक्ष वेढा १७३९ च्या फेब्रुवारीच्या मध्यास घट्ट झाला. पण त्याची खरी तयारी त्यापूर्वी दोन वर्षे चालू होती.

किल्ल्याची रचनाच अशी होती की, तीन बाजूंना समुद्र, खाडी व दलदल, आणि जमिनीकडून हल्ल्यास योग्य अशी एकच उत्तरेची बाजू. त्या बाजूस रेमेदियूस व सांव सेबाश्तियांव हे भक्कम बुरूज होते. उघड हल्ल्याने तेथे काही साधण्याजोगे नव्हते. म्हणून मोर्चे पुढे सरकवीत तटाच्या पायथ्याशी जाणे, तेथे भुयारे खणून सुरुंग भरणे आणि भगदाड पाडणे, हाच एक उपाय उरला. हे काम घोडेस्वाराचे नव्हते. ते खणणाऱ्याचे, बेलदाराचे व दारू भरणाऱ्याचे होते, आणि ते वरून चाललेल्या माऱ्याखाली, दिवसेंदिवस, करावयाचे होते.

मे महिन्याच्या आरंभी सुरुंगांना बत्ती देण्यात आली. काही सुरुंग उडाले, तट फुटला आणि लोक भगदाडातून आत घुसले. तोच उशिराने पेट घेतलेला आणखी एक सुरुंग उडाला आणि त्यात मराठ्यांचेच शिपाई दगडांखाली चिरडले गेले. दुसऱ्या दिवशी सांव सेबाश्तियांव बुरुजाखालील सुरुंगाने मोठी वाट केली. त्या जागी मराठ्यांनी पाय रोवला व तो सोडला नाही. किल्ल्याचा पहिला सेनापती मार्तिन्यू द सिल्व्हैरा वेढ्यात आधीच मारला गेला होता. त्याच्या जागी आलेल्या कायतान द सूझ परैरा याने शरणागतीचे निशाण दाखविले. जुन्या इंग्रजी कालगणनेनुसार ती तारीख ५ मे व पोर्तुगीज कागदांनुसार १६ मे १७३९ होय. दोन्ही गणनांतील अकरा दिवसांचे अंतर ध्यानात न घेतल्यामुळे अनेक लेखकांनी तारखांचा घोळ केला आहे. आठवड्याभराने शिबंदी शस्त्रांसह, निशाणे फडकवीत व वाद्ये वाजवीत बाहेर पडली.

या विजयाचे मोल काय पडले? ग्रँट डफने दिलेल्या आकड्यांनुसार मराठ्यांनी स्वतः कबूल केलेले ठार व जखमींचे प्रमाण पाच हजारांहून अधिक आणि पोर्तुगीजांचे आठशे. ठार आणि जखमी हे या आकड्यांत वेगळे केलेले नाहीत, म्हणून त्यांचा उपयोग जपून करावयास हवा. तथापि हल्ला करणाऱ्याची हानी बचाव करणाऱ्यापेक्षा कितीतरी पट अधिक होती, एवढे निश्चित.

६. कथा आणि कागद यांची तुलना

या ठिकाणी कथा खोटी ठरवून टाकून देणे सोपे आहे. पण ते इतिहासाचे काम नव्हे. उद्गार प्रत्यक्षात निघाला असो वा नसो, तो कोणत्या परिस्थितीत शोभून दिसला, हे विचारले पाहिजे. १७३९ चा मे महिना होता. पावसाळा तोंडावर आला होता. पाऊस सुरू झाला असता, तर मोर्चे पाण्याने भरले असते, दारू भिजली असती आणि तीन महिन्यांची मेहनत वाया जाऊन सैन्यास परत फिरावे लागले असते. त्याच वसंतात नादिरशहा दिल्लीत होता. बाजीरावाला उत्तरेची चिंता लागली होती, आणि मल्हारराव होळकर व राणोजी शिंदे यांच्यासारखे सरदार वसईपुढे अडकून पडणे परवडणारे नव्हते. अशा वेळी सेनापतीवर पडलेला काळाचा दाब त्या उद्गारात साठविला गेला आहे. कथेने प्रसंग बदलला असेल, पण त्यातील निकड तिने जतन केली.

मात्र त्याच कथेने एक अदलाबदलही केली, आणि ती अधिक गंभीर आहे. कथेत सेनापती स्वतःचे मस्तक देऊ करतो. प्रत्यक्षात ते त्याला द्यावे लागले नाही. ज्यांची मस्तके खरोखर गेली, ते तटाखाली खणणारे आणि भगदाडात प्रथम घुसणारे लोक होते. शेकडोंचा मृत्यू एका माणसाच्या न घडलेल्या मृत्यूत सामावून घेण्यात आला. सिंहगडाच्या मावळ्यांची जागा घोरपडीने घ्यावी, छावणीतील शिपायाची जागा मुखवटाधारी वीराने घ्यावी, त्याच जातीची ही क्रिया आहे. अतिमानव जन्माला येतो तो असा: अनेकांची चाकरी एका नावावर चढवून.

चिमाजी अप्पांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष खटकते, कारण ते स्वतः अतिमानव नव्हते. त्यांची प्रकृती नाजूक होती. वसई घेतल्यानंतर दोन वर्षे पुरी होण्याच्या आतच, १७४० च्या अखेरीस, त्यांचा अंत झाला. स्टीव्ह रॉजर्सच्या अशक्तपणावर औषधाने मात केली. चिमाजी अप्पांच्या बाबतीत असे काही घडले नाही. त्यांचे खरे कर्तृत्व मोहिमेची आखणी करणे, भिन्न वृत्तींच्या सरदारांना एका कामास लावणे, आरमार व पायदळ यांचा मेळ घालणे आणि शेवटी शत्रूला मानाने बाहेर जाऊ देणे यांत आहे. हे कर्तृत्व आजाऱ्याच्याही हातून घडू शकते, आणि म्हणूनच ते अधिक मोठे आहे. वसईच्या किल्ल्यात त्यांचा पुतळा आहे. भुयारे खणणाऱ्यांची स्मृती जतन करणारे तेथे काही दिसत नाही.

राज्याने मात्र या चाकरीची दखल घेतली होती. कामास आलेल्या शिपायाच्या मुलांना ‘बालपरवेशी’ देण्याची मराठी राज्यात चाल होती. जमिनी, इनामे, वतने यांच्या रूपाने कुटुंबांचा योगक्षेम पाहिला जाई. हे नेहमीच पुरेसे वा वेळेवर होत असे, असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु दप्तराला ठाऊक होते की, मेलेल्या शिपायाच्या मागे घर असते. अतिमानवाच्या कथेत विधवा नसते, अज्ञान मूल नसते, थकलेला रोजमुरा नसतो. या दृष्टीने पाहता पेशव्यांच्या कारकुनाची हजेरी व आइस्नरचा जो डोप हे एकाच बाजूस उभे राहतात.

७. शत्रूचे चित्र

वीरकथेला खलपुरुष लागतो. १९४१ च्या अमेरिकन चित्रकथांत जपानी व जर्मन माणसे ज्या विकृत मुद्रेने काढली गेली, ती आज पाहवत नाहीत. वसईच्या कथेतही ‘फिरंगी’ हा एकसारखा, बिनचेहऱ्याचा शत्रू बनला. पोर्तुगीज सत्तेने धर्माच्या बाबतीत केलेली सक्ती ही साधनांनी सिद्ध झालेली गोष्ट आहे, आणि स्थानिक लोकांच्या असंतोषाचे ते एक मुख्य कारण होते. परंतु वसईच्या तटाआड सगळेच युरोपीय नव्हते. या भूमीतलेच ख्रिस्ती लोक तेथे होते. गोव्याहून पुरेशी मदत पोहोचली नाही. मुंबईच्या इंग्रजांनी चर्चच्या चांदीवर १५,००० रुपयांचे कर्ज दिले, परंतु सैन्य दिले नाही. अशा स्थितीत तीन महिने केलेला बचाव हीही चाकरीच होती.

तहाच्या अटी या बाबतीत वीरकथेपेक्षा अधिक उदार दिसतात. शिबंदीस मानाने जाऊ दिले गेले, बायकामुलांना अभय मिळाले आणि ख्रिस्ती लोकांसाठी पाच चर्चे राखून ठेवण्यात आली. तीन वसईत, एक प्रांतात व एक साष्टीत. ज्यांनी हजारो माणसे गमावली होती, त्यांनी विजयाच्या दुसऱ्याच दिवशी हे मान्य केले. आजच्या वसईत सामवेदी बोली बोलणारे हिंदूही आहेत आणि ख्रिस्तीही. आगाशी, निर्मळ, पापडी या गावांतून दोघांची घरे शेजारीशेजारी आहेत. किल्ला पाहावयास येणाऱ्या मुलांच्या गटात दोन्हीकडची मुले असतात. त्यांना जर केवळ महावीर आणि फिरंगी अशी गोष्ट सांगितली, तर त्यांपैकी काहींना आपले पूर्वज नेमके कोणत्या चौकटीत होते, असा प्रश्न पडल्यावाचून राहणार नाही. तहाची गोष्ट सांगितली, तर तो प्रश्न वेगळ्या रीतीने विचारता येतो.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, चित्रकथेतील अतिमानव ही केवळ आयात केलेली वस्तू नव्हे. अनेकांची चाकरी एका नावात सामावून घेण्याची प्रवृत्ती पोवाड्यात व बखरीतही होती, आणि म्हणूनच आधुनिक चित्रकथा येथे इतक्या सहजतेने रुजली. दुसरी अशी की, ही प्रवृत्ती सर्वस्वी निष्फळ नाही; ती परिस्थितीची निकड व भावनेचे सत्य जपते, आणि अभ्यासकाने ते वेगळे काढून वाचावयास शिकले पाहिजे. तिसरी अशी की, चित्रकथा या माध्यमातच चाकरीचे चित्रण करण्याचे सामर्थ्य आहे, हे आइस्नर व कर्ट्झमन यांनी दाखवून दिले आहे. दोष माध्यमाचा नसून निवडीचा आहे.

वसईच्या वेढ्याची चित्रकथा आज कोणी काढावयास घेतली, तर तिची पहिली चौकट तोफेसमोर उभ्या राहिलेल्या सेनापतीची असावयास हरकत नाही; लोकांना तोच प्रसंग ठाऊक आहे. पण पुढच्या चौकटी अर्नाळ्याच्या बेटावर दगड वाहणाऱ्यांच्या, तारापूरहून परत न आलेल्यांच्या, उत्तरेच्या तटाखाली कुदळ चालविणाऱ्यांच्या, उशिरा उडालेल्या सुरुंगाखाली सापडलेल्यांच्या आणि निशाणे घेऊन किल्ल्याबाहेर पडणाऱ्या पराभूतांच्या असावयास हव्यात. त्या काढण्यास लागणारी सामग्री दप्तरांत आहे. ती काढली गेल्यास चिमाजी अप्पांचे मोठेपण तसूभरही कमी होणार नाही. उलट, एवढ्या माणसांना मृत्यूच्या तोंडी धाडताना त्या आजारी सेनापतीने कोणते ओझे वाहिले असेल, हे प्रथमच समजू लागेल.